जिवाणू टू-फोर-डी आत कसे घेतात? क्लोरीनयुक्त अरोमॅटिक प्रदूषकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोरीनयुक्त अरोमॅटिक म्हणजे नेमके कोणते पदार्थ?

बेंझीनचे सहा कार्बनांचे वलय आणि त्यावर एक किंवा अधिक क्लोरीन. क्लोरोबेंझीन, क्लोरोफेनॉल, क्लोरोबेंझोएट, पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, याचे २०९ प्रकार होतात), डीडीटी हे सगळे या कुळातले. आपल्याकडे ऊस किंवा गहू पिकवणाऱ्याला यातला ओळखीचा पदार्थ म्हणजे टू-फोर-डी हे तणनाशक. पुढची बरीच उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत, कारण त्याच्या प्रवेशाचा अभ्यास नीट झालेला आहे.

लिंडेन आणि एंडोसल्फान मात्र या यादीत बसत नाहीत. लिंडेनमध्ये सहा कार्बनांचे वलय आणि सहा क्लोरीन आहेत, पण ते वलय बेंझीनचे नाही. ही गल्लत प्रकल्पांच्या अहवालांतही दिसते.

हे सगळे पदार्थ पेशीत एकाच वाटेने शिरतात का?

नाही. पाण्यात पदार्थावर विद्युतभार असतो की नाही, यावर वाट ठरते. टू-फोर-डी आणि क्लोरोबेंझोएट ही आम्ले. साध्या पाण्यात ती जवळजवळ पूर्णपणे ऋणभारित असतात आणि पेशीपटलाच्या तेलकट थरातून सहज जात नाहीत. क्लोरोबेंझीन, पीसीबी यांच्यावर भारच नाही. त्यांना पटल अडवत नाही, उलट ते पटलातच जाऊन बसतात. क्लोरोफेनॉल मधले: ४-क्लोरोफेनॉलचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) ९.४ च्या आसपास, म्हणून सामू ७ ला ते बहुतांशी भाररहित, २,४-डायक्लोरोफेनॉलचा ७.९, पेंटाक्लोरोफेनॉलचा सुमारे ४.७, म्हणजे ते बहुतांशी भारित.

सामूचा परिणाम खरेच एवढा मोठा असतो का?

हिशेब करून पाहा. टू-फोर-डीचा पीकेए सुमारे २.७ आहे. सामू ७ ला दर १८-२० हजार रेणूंमागे एकच भाररहित असतो, म्हणजे ०.००५ टक्के. सामू ५ ला हेच प्रमाण अर्ध्या टक्क्यावर जाते, शंभरपट वाढ. म्हणून एकाच जिवाणूवर सामू ५.५ आणि ७.५ ला केलेले प्रयोग शेजारी ठेवून 'वाहकाचा वेग' काढू नये. पहिल्यात वाहकाविना आत झिरपलेला वाटा मोठा असतो.

भारित रेणू बाहेर जास्त असले तर आपोआप आत येणार नाहीत का?

आले तरी आत साठणार नाहीत. जिवंत जिवाणूचे पेशीपटल आतून ऋण असते, आणि ऋण रेणूला ते बाहेर ढकलते. पटलावरचा दाब १२० मिलिव्होल्ट धरला, तर केवळ विद्युतबलाने समतोल साधल्यावर आतली संहती बाहेरच्या शंभराव्या भागाइतकीच राहते. म्हणजे अशा पदार्थावर जगायचे तर पेशीला काही ऊर्जा खर्चून तो ओढून घ्यावा लागतो. त्या कामासाठी वाहक प्रथिने असतात. सोबत एक प्रोटॉन आत आला की जोडीचा एकूण भार शून्य होतो आणि विद्युतदाबाचा अडथळा उरत नाही. मग आतबाहेरच्या सामूतला फरक ओढण्याचे काम करतो.

टू-फोर-डीचा वाहक कोणता, आणि तो वाहकच आहे हे कसे कळले?

ऑस्ट्रेलियात मातीतून मिळालेल्या जेएमपी१३४ या जिवाणूत पीजेपी४ नावाचे प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे वेगळे वलय) आहे. टू-फोर-डी पचवणारी टीएफडी जनुके त्यावर बसलेली आहेत, शिवाय पाऱ्याला दाद न देण्याचे जनुकही. १९९८ साली लेव्हो, झेंडर आणि व्हान डर मेर यांनी त्याच प्लाझ्मिडवरचे टीएफडी-के हे जनुक दाखवले. त्याचे प्रथिन अतिशय जलविरोधी आहे आणि 'मेजर फॅसिलिटेटर' या मोठ्या वाहक-कुळाशी जुळते.

पुरावा चार बाजूंनी आला. प्रवेशाला ऊर्जा लागत होती. टू-फोर-डीच्या सहवासात वाढलेल्या पेशींतच तो जोरात होता. ६० मायक्रोमोलरपर्यंतच्या पल्ल्यात संहती वाढवली तसा वेग वाढत जाऊन सपाट होत होता, म्हणजे जागा मोजक्याच होत्या. आणि टीएफडी-के तोडल्यावर प्रवेश एकदम मंदावला. पण या सगळ्यापेक्षा आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो पाचवा धागा: टीएफडी-ए तोडलेला, म्हणजे पचनाची पहिलीच पायरी बंद असलेला जिवाणूही टू-फोर-डी आत घेत होता. त्यामुळे 'आत येते ते केवळ आत संपते म्हणून' ही शंका फिटली.

हा वाहक नसेल तर जिवाणू टू-फोर-डीवर वाढणारच नाही का?

प्रश्न संहतीचा आहे. ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे सुमारे २.३ मिलिमोलर टू-फोर-डी घातलेल्या माध्यमात भाररहित रेणूंचा तो क्षुल्लक वाटाही पेशीला पुरू शकतो. वाहकाची खरी किंमत कमी मायक्रोमोलर पातळीला कळते. १ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे ४.५ मायक्रोमोलर. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ०.१४ मायक्रोमोलरच्या आत. प्रयोगशाळेत जास्त संहतीच्या माध्यमात झपाट्याने वाढणारा जिवाणू विहिरीच्या पाण्यातले अंशमात्र तणनाशक काढेलच असे नाही. निवड करताना चाचणी त्याच पातळीला घ्यावी.

'चिकटले', 'आत आले' आणि 'पचले' यांत फरक कसा करायचा?

या विषयातल्या बहुतेक चुकीच्या आकड्यांचे मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधी 'आत आले' किती छोटे असते ते पाहा. ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेली घनता (गढूळपणा) १ असलेल्या एक मिलिलिटर द्रावात साधारण १०० कोटी पेशी असतात आणि त्या सगळ्यांचे आतले आकारमान मिळून सुमारे १ मायक्रोलिटर भरते. बाहेर १० मायक्रोमोलर टू-फोर-डी असेल आणि आतही तेवढेच झाले, तर पेशींत गेलेला वाटा एकूणाच्या फक्त ०.१ टक्का! १०० मायक्रोलिटरचा नमुना गाळला तर पेशींत १ पिकोमोल. त्याच फिल्टरमध्ये अडकलेला २० मायक्रोलिटर द्राव न धुता राहिला तर त्यात २०० पिकोमोल. धुऊन ९९ टक्के काढले तरी २ उरतात, म्हणजे खऱ्या आकड्याच्या दुप्पट कचरा. म्हणून साठा दहापट-शंभरपट होत नसेल तर ही पद्धत काही सांगत नाही.

आता 'चिकटले'. वरच्याच एक मिलिलिटरमध्ये कोरडे वजन ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातला दहावा हिस्सा स्निग्ध, म्हणजे ०.०४ मायक्रोलिटर तेल समजा. एखाद्या पीसीबीची तेल आणि पाणी यांतली वाटणी एक लाखास एक असेल, तर या एवढ्याशा तेलात पाण्यातल्यापेक्षा चौपट पदार्थ जाऊन बसेल. म्हणजे ८० टक्के पीसीबी पेशींसोबत फिल्टरवर सापडेल, आणि पेशी उकळून मारल्या तरीही सापडेल. त्याला 'ग्रहण' म्हणणे चूक.

'पचले' हे तर आणखी फसवे. विकर आतला रेणू लगेच बदलत असेल तर आतली संहती सतत शून्याजवळ राहते आणि बाहेरून झिरप चालूच राहते. किरणोत्सर्गी खूण मात्र पेशीत साठत जाते. वरवर पाहता हे सक्रिय वहनासारखेच दिसते. उपाय दोनच: पहिली पायरी बंद असलेला उत्परिवर्ती जिवाणू वापरणे, किंवा पेशीतला अर्क काढून त्यात मूळ रेणू किती उरला ते क्रोमॅटोग्राफीने पाहणे.

प्रवेशाचा वेग मोजायची पद्धत काय?

कार्बन-१४ ची खूण असलेले टू-फोर-डी आणि झटपट गाळण ही जुनी, खात्रीची पद्धत. भारतात किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी संस्थेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती आधी पाहा.

५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर खनिज माध्यम घ्या, त्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर टू-फोर-डी, ३० अंश सेल्सिअस, मिनिटाला १५०-२०० फेरे. घनता ०.५ च्या सुमारास पेशी काढा. माध्यमातले टू-फोर-डी संपून गेल्यावर काढल्या तर प्रवेशाचा जोर उतरलेला असतो. ४ अंशाला सेंट्रिफ्यूज करून ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफरने (सामू ७.०) दोनदा धुवा. धुणे टाळले तर माध्यमातले बिनखुणेचे टू-फोर-डी खुणेच्या रेणूंशी स्पर्धा करते आणि वेग कमी दिसतो. त्याच बफरमध्ये घनता १ ला आणून बर्फात ठेवा, दोन तासांत वापरा.

मोजणीआधी १ मिलिलिटर पेशी ३० अंशाला पाच मिनिटे ढवळत ठेवा, म्हणजे त्यांना हवा मिळते आणि पटलावरचा दाब पूर्ववत होतो. खुणेचे टू-फोर-डी घालून अंतिम संहती १० मायक्रोमोलर करा. १०, २०, ३०, ४५ आणि ६० सेकंदांना १०० मायक्रोलिटर काढून ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरवर निर्वातात ओढा, लगेच थंड बफरने २-२ मिलिलिटर दोनदा धुवा. फिल्टरवरची खूण सिंटिलेशन मोजणीने (किरणोत्सर्ग प्रकाशात बदलून मोजण्याची पद्धत) मोजा. वेग काढायचा तो सुरुवातीच्या सरळ भागातून. हाच क्रम १, २, ५, १०, २०, ४० आणि ६० मायक्रोमोलरला करा. उत्तर नॅनोमोल प्रति मिनिट प्रति मिलिग्रॅम प्रथिन असे लिहा.

तीन नियंत्रणे सोडू नका: पेशींशिवाय नुसता फिल्टर, मारलेल्या पेशी, आणि बर्फावरच्या पेशींत खूण घालून तत्क्षणी गाळलेला शून्य-वेळेचा नमुना.

आकडे वेडेवाकडे येतात. कुठे चुकत असेल?

नुसत्या फिल्टरवरच मोठा आकडा येत असेल तर पदार्थ फिल्टरला चिकटतो आहे. फिल्टर आधी बिनखुणेच्या टू-फोर-डीच्या द्रावणात भिजवून घ्या, नाही जमले तर फिल्टरचा प्रकार बदला. तरीही उतरत नसेल तर गाळण सोडून सिलिकॉन तेलाच्या थरातून पेशी खाली बसवण्याची पद्धत धरा.

पहिल्या दहा सेकंदांतच रेषा सपाट झाली, तर बहुधा तुम्ही चिकटणे मोजले आहे. उलट दोन-तीन मिनिटांनी आकडा घसरू लागला, तर खूण कार्बन डायऑक्साइड होऊन उडते आहे. खूण वलयात आहे की बाजूच्या साखळीत, हे बाटलीवर वाचून घ्या: पहिल्याच पायरीत साखळीचे दोन कार्बन ग्लायॉक्झिलेट म्हणून सुटतात आणि वलय डायक्लोरोफेनॉल होऊन वेगळ्या मार्गाला लागते. त्याच अभिक्रियेत एक कार्बन डायऑक्साइडही सुटतो, पण तो अल्फा-कीटोग्लुटारेटचा असतो, टू-फोर-डीचा नव्हे. नुसता वायू मोजून 'विघटन झाले' म्हणणारे इथे फसतात.

नमुने तपकिरी असतील तर तो रंग सिंटिलेशन मोजणीतला प्रकाश शोषतो आणि आकडा कमी दिसतो. रंगाची दुरुस्ती करा.

सीसीसीपी घातल्यावर प्रवेश थांबला. म्हणजे सक्रिय वहन सिद्ध झाले का?

अर्धेच. सीसीसीपी हे रसायन पटलावरचा प्रोटॉनांचा दाब घालवते, पण त्यासोबत पेशीची सगळी ऊर्जाव्यवस्था ढासळते आणि पचनही मंदावते. वहन थांबले की पचन, हे एवढ्यावरून कळत नाही. हवा काढून नायट्रोजन सोडणे तर टू-फोर-डीसाठी त्याहून दिशाभूल करणारे, कारण पहिल्या पायरीच्या विकराला स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. पचन बंद असलेल्या उत्परिवर्ती पेशींवर सीसीसीपीचा परिणाम दिसला तर मात्र तो पुरावा धरता येतो.

मात्रा १० ते १०० मायक्रोमोलर, मोजणीआधी काही मिनिटे. बफरमध्ये मरकॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी यांसारखे गंधकयुक्त रसायन असेल तर सीसीसीपी त्यांच्याशी जोडले जाऊन निकामी होते. सीसीसीपीच्या रेणूत स्वतःच एक क्लोरीनवाले बेंझीन वलय आहे, हा योगायोग नाही: मंद आम्ल, त्यावर पसरलेला भार आणि तेलात मुरण्याची सवय या तिन्ही गोष्टी प्रोटॉन पटलापार नेण्याच्या उपयोगी पडतात. पेंटाक्लोरोफेनॉल विषारी ठरते ते बरेचसे याच कारणाने. त्याचा ऋणभारित रेणूही पटल ओलांडतो, म्हणून प्रोटॉनांची ने-आण सुरूच राहते.

क्लोरोबेंझोएटसाठी हाच वाहक चालतो का?

तिथे वेगळी सोय आढळते. कोमामोनास डीजे-१२ मध्ये ४-क्लोरोबेंझोएट फोडणाऱ्या एफसीबी जनुकांच्या शेजारीच टी१, टी२, टी३ अशी तीन वाहक-जनुके आहेत. ती 'ट्रॅप' नावाच्या कुळातली, ज्यात पटलाबाहेर रेणू पकडणारे वेगळे प्रथिन असते. आत आल्यावर पहिलेच विकर त्याला कोएन्झाइम-ए जोडते. हा जोड मोठा आणि भारित, म्हणून परत बाहेर झिरपत नाही. ४-क्लोरोबेंझोएटमध्ये वहन आणि पचन वेगळे करणे अवघड जाते ते यामुळेच.

ग्रॅम-ऋण (आत एक आणि बाहेर एक अशी दोन पटले असलेल्या) जिवाणूंचे बाहेरचे आवरण आड येत नाही का?

येते, आणि गंमत म्हणजे ते भाररहित तेलकट रेणूंनाच जास्त नडते. बाह्यपटलाचा वरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा, दाट आणि भारित. छोट्या, पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंसाठी त्यात पोरिन नावाची छिद्रे आहेत. साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू त्यांतून जातात आणि टू-फोर-डी तर अवघे २२१. तेलकट रेणूंसाठी फॅडएल कुळातल्या वाहिन्या असतात. टोल्यूइन पचवणाऱ्या स्यूडोमोनास पुटिडा एफ१ मधली टॉडएक्स ही त्यांपैकी एक.

पीसीबीसाठी वाहक शोधावा का?

आम्ही त्यात वेळ घालवणार नाही. पीसीबी पटलात शिरायला आतुर असते; अडते ते मातीच्या कणांतून आणि सेंद्रिय द्रव्यातून सुटून पाण्यात येण्यावर. वेग त्या सुटण्याने ठरतो. लक्ष द्यायचे ते ढवळण्यावर, कणांच्या आकारावर, आणि विकर तयार व्हावे म्हणून बायफिनाइलसारखे खाद्य देण्यावर. साबणासारखे पृष्ठक्रियाकारक, जसे ऱ्हॅम्नोलिपिड, कधी मदत करतात, कधी घात. मात्रा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्यांचे गोळे बनतात आणि पीसीबी त्या गोळ्यांच्या पोटात लपते. पाण्यात विरघळलेली दिसते, पण जिवाणूला मिळत नाही. काही वेळा जिवाणू पीसीबी सोडून तो साबणच खातात.

आत न घेताही कोणी क्लोरीन काढते का?

हो. डीहॅलोकॉकॉइडिस सीबीडीबी१ हा जिवाणू क्लोरोबेंझीनचा वापर श्वसनासाठी करतो, आपण ऑक्सिजन वापरतो तसा. त्याचे क्लोरीन काढणारे विकर पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूला असते. रेणू पेशीरसात आणायची गरजच नाही, क्लोरीन बाहेरच सुटते. हवा लागली की मात्र हे जिवाणू काम थांबवतात.

माध्यम तपकिरी-काळे पडले आणि वाढ थांबली. का?

बहुतेक वेळा क्लोरोकॅटेकॉल साठले आहे. डायक्लोरोफेनॉलपासून ते बनते, आणि पुढचे विकर मागे पडले की हवेत काळे पडते. प्रवेश पचनापेक्षा जोरात झाला तर हे घडते. टू-फोर-डीची मात्रा निम्मी करा, हवा वाढवा.

सामूही तपासा. टू-फोर-डीचा मीठरूपातला एक रेणू पूर्ण पचला की दोन क्लोराइड आणि एक जादा प्रोटॉन सुटतो. २.३ मिलिमोलर टू-फोर-डीमागे तेवढाच प्रोटॉन. २०-५० मिलिमोलर फॉस्फेट बफर तो सहज सामावतो, पण बफर कंजूषपणे घातला असेल तर सामू खाली येतो, भाररहित वाटा वाढतो आणि विषारीपणाही. पूर्ण पचन झाले का, हे क्लोराइड मोजून पाहा: ४.५ मिलिमोलरच्या जवळ आकडा यावा. त्यासाठी माध्यमात कॅल्शियम किंवा अमोनियमचे क्लोराइड न घालता सल्फेट, नायट्रेट वापरा. टू-फोर-डी भुकटी थेट ओतू नका. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७ ला आणलेला साठा करूनच घाला, नाहीतर तळाशी न विरघळलेले स्फटिक राहतात.

प्लाझ्मिड टिकवायचे कसे?

जेएमपी१३४ पोषक आगारवर पिढ्यान्‌पिढ्या फिरवू नका, टू-फोर-डीची गरज नसली की प्लाझ्मिड हरवू शकते. टू-फोर-डी हाच एकमेव कार्बन असलेल्या आगारच्या थाळीवरून सुरुवात करा आणि ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला साठा ठेवा.

जुन्या शोधनिबंधांत हा जिवाणू सापडत नाही.

नावे बदलत गेली: अल्कॅलिजीनस युट्रोफस, राल्स्टोनिया युट्रोफा, क्युप्रिएव्हिडस नेकेटर, आणि आता क्युप्रिएव्हिडस पिनाटुबोनेन्सिस. शोधताना जेएमपी१३४ हाच क्रमांक टाका.

शेतात फवारणीनंतर जिवाणूंची बाटली ओतली तर टू-फोर-डी लवकर जाईल का?

ओलसर, उबदार, हवा खेळत्या मातीत टू-फोर-डी साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत निम्मे होते, आणि ते काम मातीतले जिवाणूच करतात. कोरड्या किंवा पाणी साचलेल्या मातीत ते रेंगाळते. तिथे बाटलीने ओल किंवा हवा येत नाही. पंपात राहिलेल्या अंशाचे काम तर जिवाणूंवर सोडूच नका. कपाशी, द्राक्ष, टोमॅटो यांना अंशमात्र टू-फोर-डीही पुरते, म्हणून पंप, नळी आणि नोझल डिटर्जंटच्या पाण्याने तीनदा धुवा, आणि जमल्यास तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा.